खूण पुसली गेली की झाकली गेली? हिस्टोन अँटिबॉडीचे एक प्रकरण

## पार्श्वभूमी

एका विद्यापीठातला मध्यम आकाराचा गट. कर्करोगपेशींवर परिणाम करणारी नवी संयुगे तपासणे हे त्यांचे मुख्य काम. क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि तो ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने, हा त्यांचा मूळ विषय नव्हता. ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकले आहेत आणि संयुगाला इथे नुसते ‘संयुग’ म्हटले आहे. माझा संबंध आला तो हिस्टोनांचे मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या तुकड्यांचे वजन मोजून, विश्लेषण करणाऱ्या सुविधेतर्फे, म्हणजे निम्मे प्रकरण घडून गेल्यावर. आधीचा भाग त्यांच्या वह्या, ब्लॉटचे फोटो आणि त्यांच्याशी झालेले बोलणे यांवरून जुळवला आहे.

थोडी उजळणी करतो. पेशीच्या केंद्रकातला डीएनए मोकळा पडलेला नसतो. साधारण १४७ बेस-जोड्यांचा तुकडा आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाठोड्याभोवती गुंडाळलेला असतो. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ यांच्या प्रत्येकी दोन प्रती. या प्रथिनांच्या शेपट्या गाठोड्याबाहेर लोंबत असतात आणि त्यांच्यावर एन्झाइमे लहान लहान रासायनिक गट चढवतात, उतरवतात. अ‍ॅसिटिल आणि मिथिल गटांचा आरएनए तयार होण्याशी संबंध असावा, हे व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ सालीच मांडले होते. आज अशा खुणांची यादी लांबलचक आहे. या प्रकरणात महत्त्वाची आहे एकच: एच३ हिस्टोनच्या नवव्या लायसीनवर बसलेले तीन मिथिल गट, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘के९मी३’. घट्ट मिटलेल्या, बहुतेक जनुके गप्प असलेल्या हेटेरोक्रोमॅटिनची ही ओळखखूण. एसयूव्ही३९एच१ आणि त्याच्या जातीची एन्झाइमे ती लिहितात, केडीएम४ कुटुंबातली एन्झाइमे ती पुसतात आणि एचपी१ हे प्रथिन तिला येऊन चिकटते.

ही खूण डोळ्यांना दाखवायची तर बहुतेक प्रयोगशाळांकडे एकच साधन असते: प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. एच३च्या शेपटीचा दहा-वीस अमिनो आम्लांचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवायचा, त्यातल्या नवव्या लायसीनवर तीन मिथिल गट ठेवायचे, तो सशाला टोचायचा आणि मिळालेली अँटिबॉडी वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रथिने पडद्यावर घेऊन पट्ट्याच्या रूपात पाहणे), इम्युनोफ्लुरोसन्स (पेशीतच रंगवून पाहणे) किंवा चिप, म्हणजे क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन (खूण असलेले क्रोमॅटिनचे तुकडे वेगळे काढणे), यांत वापरायची. अशा अँटिबॉडीबद्दल पहिली भीती असते ती चुकीच्या जागी चिकटण्याची. नवव्या आणि सत्ताविसाव्या लायसीनचा शेजार अगदी सारखा आहे. दोन्हीकडे अ‍ॅलानीन-आर्जिनीन-लायसीन-सेरीन हीच चौकडी. त्यामुळे के९मी३ची अँटिबॉडी के२७मी३लाही धरते की काय, हे सगळेच तपासतात. या गटानेही तपासले होते. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात एक किंवा दोनच मिथिल गट असलेले (मी१, मी२), चौथ्या आणि सत्ताविसाव्या लायसीनचे (के४, के२७) असे सगळे पेप्टाइड, म्हणजे कृत्रिम तुकडे, होते आणि अँटिबॉडी फक्त के९मी३लाच धरत होती. ती परीक्षा खरी होती आणि अँटिबॉडी खरोखरच पास झाली होती. पुढचे सगळे वाचताना हे लक्षात ठेवावे.

## अडचण

पीएचडीच्या विद्यार्थिनीने हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगपेशी) संयुग रात्रभर दिले, आम्लाने हिस्टोन काढले आणि ब्लॉट केला. एकूण एच३चा पट्टा दोन्हीकडे सारखा. के९मी३चा पट्टा मात्र संयुग दिलेल्या पेशींत साधारण एक-तृतीयांश उरला होता. परत केला, तेच. संयुगाची मात्रा वाढवत नेली तर पट्टा पायरीपायरीने फिका होत गेला. मात्रेप्रमाणे वाढणारा परिणाम दिसला की माणसाचा विश्वास बसतोच.

मग संयुग धुऊन काढण्याचा प्रयोग झाला. ताजे माध्यम घातल्यावर दोन-तीन तासांत पट्टा बऱ्याच अंशी पूर्ववत. गटाने याचा अर्थ लावला की परिणाम उलटवता येण्याजोगा आहे, आणि परिषदेला पाठवलेल्या सारांशात हे वाक्य अभिमानाने घातले. हेटेरोक्रोमॅटिन सैल करणारे आणि हवे तेव्हा बंद करता येणारे संयुग! कोणालाही मोह पडावा असाच निष्कर्ष.

त्यानंतर यंत्रणा शोधण्यात बराच काळ गेला. एसयूव्ही३९एच१चे प्रमाण पाहिले. कमी झालेले नव्हते. पुसणारी एन्झाइमे जास्त जोरात चालत असतील म्हणून केडीएम४चा रोधक संयुगासोबत दिला. पट्टा परत आला नाही. चिप-सिक्वेन्सिंग केले, म्हणजे चिपने काढलेल्या तुकड्यांचा डीएनए वाचला, तर हेटेरोक्रोमॅटिनच्या भागांत संयुगाआधी आणि नंतर जवळपास तेच चित्र. हे शेवटचे गटाला ‘चिप फसली’ असे वाटले. वास्तविक नेहमीच्या पद्धतीने वाचनांची एकूण संख्या सारखी करून घेतली की सगळीकडे एकदम झालेली घट त्यात दिसतच नाही. त्यासाठी दुसऱ्या जीवाचे, उदाहरणार्थ फळमाशीचे, क्रोमॅटिन ठरावीक प्रमाणात मिसळून त्याच्याशी तुलना करावी लागते. ते मिसळलेले नव्हते. म्हणून ती चिप ना बाजूने बोलत होती, ना विरुद्ध.

आणखी एक गोष्ट वहीत नोंदलेली होती, पण कोणी तिच्यावर बोट ठेवले नव्हते. तोच प्रयोग पोस्टडॉकने केला की घट बरीच कमी दिसायची. ‘हाताचा फरक’ म्हणून ती बाजूला ठेवली गेली. दोघांच्या पद्धतीत फरक एवढाच होता की पोस्टडॉक हिस्टोन काढण्याआधी प्लेट दोनदा चांगली खळखळून धुवायचा आणि विद्यार्थिनी माध्यमासकट सगळ्या पेशी गोळा करायची.

कोडे उलगडायला सुरुवात झाली ती सूक्ष्मदर्शकाखाली. विद्यार्थिनीने काचपट्टीवरच्या पेशी के९मी३साठी हिरव्या आणि डीएनएसाठी निळ्या रंगवल्या. घट सगळ्या पेशींत थोडीथोडी असेल अशी तिची अपेक्षा होती. दिसले भलतेच. काही केंद्रके नेहमीसारखी होती, हिरव्या ठिपक्यांनी भरलेली, कडेला दाट. त्यांच्या शेजारी गोल झालेल्या पेशी: निळ्या रंगात गुणसूत्रे आखडून, मधोमध रांगेत किंवा विस्कटून पडलेली, आणि हिरव्या रंगात तिथे काहीच नाही. काळोख. मधली छटा जवळपास कुठेच नव्हती. मग तिने संयुग न दिलेली काचपट्टी मुद्दाम विभाजन पावणाऱ्या पेशी शोधत पाहिली. तिथेही त्या मोजक्या पेशी हिरव्यात काळ्याच होत्या. म्हणजे हे संयुगाशिवायही घडत होते, फक्त क्वचित.

## काय शक्य होते

आता प्रश्न बदलला. संयुग पेशींना विभाजनाच्या मध्यावर अडकवते, एवढे स्पष्ट झाले. पोस्टडॉकचा ‘हाताचा फरक’ही सुटला: विभाजनात अडकलेली पेशी गोल होऊन प्लेट सोडते, आणि खळखळून धुतली की वाहून जाते. तो ज्या पेशी मोजत होता त्यांत अडकलेल्या कमी होत्या. विद्यार्थिनीने सुट्या आणि चिकटलेल्या पेशी वेगवेगळ्या काढून ब्लॉट केला. चिकटलेल्यांत पट्टा संयुगाशिवायच्या पेशींइतकाच, सुट्यांत जेमतेम. अडकलेल्या पेशींचे प्रमाण साधारण दोन-तृतीयांश भरले. हिशोब चोख जुळला.

पण हिशोब जुळल्याने निकाल लागत नाही, आणि या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण मला इथे दिसतो. विभाजनातल्या पेशींत के९मी३ दिसत नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, खूण खरोखर पुसली गेली. दोन, खूण जागेवर आहे पण अँटिबॉडीला ती धरता येत नाही. दुसऱ्या शक्यतेचे कारण शेजारीच बसलेले आहे. नवव्या लायसीनला लागून दहावे सेरीन (एस१०) आहे, आणि विभाजनाच्या वेळी ऑरोरा बी हे एन्झाइम त्या सेरीनवर फॉस्फेट चढवते. फॉस्फेट आकाराने मोठे आणि ऋणभारित. अँटिबॉडी काही एकट्या लायसीनला ओळखत नाही, आजूबाजूच्या तीन-चार अमिनो आम्लांसकट ओळखते. दारावर नावाची पाटी आहे, पण शेजारच्या दाराची उघडलेली फळी तिच्यावर आली, असा प्रकार.

हे नवे ज्ञान नव्हते. विभाजनाच्या वेळी एचपी१ गुणसूत्रांवरून का सुटते, याचे उत्तर २००५ साली मिळाले तेही याच जोडीत: के९चे मिथिल गट तसेच राहतात, एस१०वर फॉस्फेट येते आणि एचपी१ची पकड सुटते. जे एचपी१चे होते तेच अँटिबॉडीचे का होऊ नये? क्रोमॅटिनवाल्या गटात हा प्रश्न पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारला असता. इथे तो विचारणारे कोणी नव्हते.

बैठकीत गटप्रमुखांचे पहिले म्हणणे होते, “अँटिबॉडीत गडबड आहे. दुसऱ्या कंपनीची मागवा.”

“सर, दुसरीनेही कमीच दाखवलं तर?” विद्यार्थिनीने विचारले. “तीपण तसल्याच पेप्टाइडवर बनवलेली असणार.”

मुद्दा बिनतोड होता. साध्या के९मी३ पेप्टाइडवर तयार झालेल्या दोन अँटिबॉडींचे डोळे एकाच ठिकाणी झाकले जाऊ शकतात. दोघी एकच सांगतात म्हणून ते खरे, असे म्हणता येत नाही. ‘दोन स्वतंत्र अँटिबॉडींनी पुष्टी’ हे वाक्य शोधनिबंधांत सर्रास दिसते; त्या कोणत्या पेप्टाइडवर बनल्या हे क्वचित दिसते.

उरलेले मार्ग तीन. पहिला, पेप्टाइडचा डॉट ब्लॉट: के९मी३ आणि के९मी३ अधिक एस१०-फॉस्फेट असे दोन तुकडे शेजारी ठेवायचे. अँटिबॉडी आंधळी होते की नाही एवढे यातून कळेल. पेशीत काय आहे ते कळणार नाही. दुसरा, फॉस्फेट काढून टाकून तोच ब्लॉट पुन्हा वाचायचा. हा स्वस्त आणि पेशीतल्या खऱ्या हिस्टोनवरचा, पण यात अँटिबॉडी तीच राहते. तिसरा, मास स्पेक्ट्रोमेट्री, ज्यात अँटिबॉडी लागतच नाही. तो खर्चिक, रांगेत थांबावे लागणारा, आणि त्यासाठी बरेच शुद्ध हिस्टोन हवे. गटप्रमुखांना थेट तिसरा हवा होता, म्हणजे एकदाच काय तो निकाल. पोस्टडॉकचे मत उलट: फ्रीझरमध्ये लॅम्डा फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढणारे एन्झाइम, आहेच, आधी ते करू. मला विचारल्यावर मी पोस्टडॉकच्या बाजूने कौल दिला, पण काटकसरीसाठी नाही. फॉस्फेटेजचा निकाल हातात असल्याशिवाय मास स्पेकसाठी नमुना कसा तयार करायचा हेच ठरवता येणार नव्हते. ते का, ते पुढे येईल.

## काय केले

आधी डॉट ब्लॉट. बायोटिन जोडलेले पेप्टाइड घेतले: काहीच बदल नसलेला, के९मी२, के९मी३, नुसता एस१०-फॉस्फेट, के९मी३ अधिक एस१०-फॉस्फेट, आणि के२७मी३. प्रत्येकाचे ठिपके पातळ पातळ करत नेले. के९मी३चे ठिपके सगळ्यात पातळ पायरीपर्यंत दिसले. जोड-बदलाच्या पेप्टाइडची पूर्ण रांग कोरी, सगळ्यात दाट ठिपकासुद्धा. मात्र कोऱ्या जागेवर भरवसा ठेवायचा तर तिथे पेप्टाइड खरोखर बसला आहे हे आधी दाखवावे लागते. लहान पेप्टाइड पडद्यावरून धुऊन जातात. म्हणून तोच पडदा बायोटिनला चिकटणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनने पुन्हा वाचला. सगळे ठिपके जागच्या जागी होते. के२७मी३ला अँटिबॉडी शिवलीही नाही. माहितीपत्रक खोटे नव्हते. त्यात फक्त जोड-बदलाचा पेप्टाइड नव्हता.

मग फॉस्फेटेज. सुट्या पेशींचे हिस्टोन एकाच जेलवर दोनदा चालवले, पडदा मधोमध कापला, एका अर्ध्याला मँगनीजसह लॅम्डा फॉस्फेटेज दिले, दुसऱ्या अर्ध्याला तेच एन्झाइम फॉस्फेटेज-रोधकांसह. पहिला प्रयत्न वाया गेला. के९मी३चा पट्टा किंचित वाढला, पण एस१०-फॉस्फेटची अँटिबॉडी अजूनही जोरात पट्टा दाखवत होती, म्हणजे फॉस्फेट निघालेच नव्हते. एस१०-फॉस्फेटची ही पडताळणी सोबत नसती तर ‘फॉस्फेट काढूनही फरक पडला नाही, सबब खूण पुसली गेली’ असा उलटा निष्कर्ष वहीत गेला असता. कारण साधे होते. अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून पडदा दुधाच्या पावडरीने ब्लॉक केला होता, आणि दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेटधारी प्रथिन. एन्झाइमला हिस्टोनपेक्षा तेच भरपूर मिळत होते. पुढच्या वेळी दुधाऐवजी बीएसए हे प्रथिन वापरले. एस१०-फॉस्फेटचा पट्टा नाहीसा झाला आणि के९मी३चा पट्टा चिकटलेल्या पेशींच्या जवळपास आला.

जवळपास, बरोबरीने नव्हे. थोडी तूट राहिली. गटप्रमुखांनी तिच्यावरच बोट ठेवले: थोडी खूण खरीच पुसली गेली असेल तर? रास्त शंका. उरलेले फॉस्फेट, ब्लॉटची मोजण्याची मर्यादा आणि खरी घट, या तिघांना ब्लॉटवर वेगळे करता येत नाही. म्हणून मास स्पेक.

इथे आमच्या सुविधेचे काम सुरू झाले. हिस्टोनांत लायसीन आणि आर्जिनीन इतके दाट असतात की त्यांच्यापाशी कापणाऱ्या ट्रिप्सिन या एन्झाइमने थेट कापले तर तुकडे फार लहान पडतात. म्हणून मोकळ्या लायसीनांवर आधी प्रोपिओनिल गट चढवतात. मग ट्रिप्सिन फक्त आर्जिनीनपाशी कापते. एच३मधून नववे ते सतरावे अमिनो आम्ल असा तुकडा मिळतो. आपल्या सोयीची गोष्ट अशी की के९ आणि एस१० दोन्ही त्याच एका तुकड्यात येतात. मिथिल आणि फॉस्फेट एकाच रेणूवर एकत्र आहेत का, हे त्यामुळे थेट वाचता येते. अँटिबॉडी ते कधीच सांगू शकत नाही.

दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागल्या. तीन मिथिल गट आणि एक अ‍ॅसिटिल गट यांचे वजन जवळजवळ सारखे, फरक ०.०३६ डाल्टनचा, तो वेगळा काढणारे उपकरण हवे, आणि दोन तुकडे स्तंभातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात याचाही आधार घ्यावा लागतो. दुसरी खबरदारी या प्रकरणापुरती जास्त मोलाची. फॉस्फेट असलेला तुकडा आणि नसलेला तुकडा यंत्रात सारख्या प्रमाणात आयनित होत नाहीत. त्यांच्या शिखरांची थेट बेरीज केली तर के९मी३ कमी भरल्याचा भास मास स्पेकमध्येही होऊ शकतो. म्हणून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग केले. एक जसाच्या तसा, खुणा एकत्र आहेत का ते पाहायला. दुसरा नळीतच फॉस्फेटेज देऊन, के९मी३चे प्रमाण मोजायला. नळीत एन्झाइम पूर्ण काम करते का, किती वेळ लागतो, हे फॉस्फेटेजच्या आधीच्या प्रयोगांमुळे ठाऊक झाले होते. थेट मास स्पेक करण्याला माझा विरोध होता तो याच कारणासाठी.

जसाच्या तसा भाग: अडकलेल्या पेशींत मी३ आणि फॉस्फेट एकाच तुकड्यावर स्पष्ट दिसले. फॉस्फेटेज दिलेला भाग: के९मी३चे प्रमाण दोन्ही पेशीगटांत सारखे, फरक मोजमापातल्या नेहमीच्या चढउतारापेक्षा जास्त नाही.

खूण कुठेही गेलेली नव्हती.

मधल्या काळात पोस्टडॉकने के९मी३ आणि एस१०-फॉस्फेट ही जोडी एकदम ओळखते म्हणून विकली जाणारी अँटिबॉडी मागवली होती. तिने अडकलेल्या पेशींत झगझगीत पट्टा दिला आणि सगळ्यांना आनंद झाला. पण त्याच डॉट ब्लॉटवर ती लावली तर मिथिल नसलेल्या, नुसत्या एस१०-फॉस्फेटच्या ठिपक्यालाही ती बऱ्यापैकी धरत होती. विभाजनातल्या पेशींत तसे फॉस्फेट मुबलक. म्हणजे तो झगझगीत पट्टा आपल्याला हवे ते सांगत होता, पण हवे त्या कारणाने नव्हे. तो निकाल अंतिम लेखनातून काढला. मला हा निर्णय आवडला, कारण आपल्या बाजूचा पुरावा टाकून देणे जड जाते.

## निष्पन्न

संयुग हेटेरोक्रोमॅटिनवर काम करत नाही. ते पेशीला विभाजनात अडकवते, आणि के९मी३च्या पट्ट्यातली घट ही अडकलेल्या पेशींची मोजणी होती, आडमार्गाने केलेली. मात्रेप्रमाणे पट्टा फिका होत गेला कारण मात्रेप्रमाणे जास्त पेशी अडकल्या. धुऊन काढल्यावर तो परतला कारण पेशी विभाजन उरकून बाहेर पडल्या आणि एस१०वरचे फॉस्फेट उतरले. केडीएम४चा रोधक निष्प्रभ ठरला कारण पुसणारे कोणी कामाला लागलेलेच नव्हते.

परिषदेच्या सारांशावरून वाद झाला. विद्यार्थिनीचे म्हणणे होते की निरीक्षण खरे आहे, शीर्षक बदलू आणि अर्थ नव्याने लावू. गटप्रमुखांनी सारांश मागे घेतला. दोन्ही बाजूंना काही अर्थ होता. पण सारांशातले ‘उलटवता येण्याजोगे’ हे वाक्य छापून गेले असते तर ते दुरुस्त करणे अवघड होते. पुढे विद्यार्थिनीने अँटिबॉडीच्या तपासणीचा भाग तिच्या प्रबंधात स्वतंत्र प्रकरण म्हणून घातला. संयुगाचे काम आता पेशीचक्राचा अभ्यास करणाऱ्या दुसऱ्या गटाबरोबर चालू आहे, विभाजनात गुणसूत्रे ओढणाऱ्या तर्कुतंतूंच्या दिशेने. जुनी अँटिबॉडी फेकलेली नाही. विभाजनात नसलेल्या पेशींसाठी ती उत्तम आहे. व्हायलवर तशी चिठ्ठी लावली आहे.

## वेगळे काय करता आले असते

पहिली सुटलेली संधी म्हणजे धुऊन काढण्याचा प्रयोग. त्यात उत्तर जवळजवळ लिहिलेले होते. के९मी३ ही सावकाश घडणारी खूण आहे. डीएनएची प्रत निघताना नवे हिस्टोन ही खूण नसलेले येतात, आणि त्यांच्यावर ती पूर्ण चढायला एका पेशीचक्राहूनही अधिक वेळ लागतो. दोन-तृतीयांश खूण दोन-तीन तासांत परत लिहिली जाणे कोणत्याही ज्ञात एन्झाइमाच्या गतीत बसत नाही. फॉस्फेट मात्र तेवढ्या वेळात सहज उतरते. गटाने ‘परत आले का?’ एवढेच पाहिले, ‘किती लवकर?’ हा प्रश्न विचारला असता तर मधले केडीएम४चे सगळे काम वाचले असते.

दुसरी, दोन हातांतला फरक. तोच प्रयोग दोघांनी केला की वेगळे येते आणि एकाचे नेहमी कमी येते, हा गोंगाट नसून माहिती असते. दोघांनी एक दिवस शेजारी उभे राहून केले असते तर धुण्याची पायरी त्याच दिवशी उघडी पडली असती. बहुतेक गटांत असे करत नाहीत, कारण त्यात कोणीतरी एक चूक ठरेल असे वाटते. इथे चूक कोणीच नव्हते. दोघे वेगवेगळ्या पेशी मोजत होते.

तिसऱ्या मुद्द्यावर त्या गटाचे आणि माझे मतभेद आहेत. त्यांच्या नव्या नियमाप्रमाणे यापुढे कुठलीही हिस्टोन अँटिबॉडी पेप्टाइडवर तपासल्याशिवाय वापरायची नाही. नियम चांगला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दोनशेहून अधिक हिस्टोन अँटिबॉडी तपासल्या, तेव्हा चौथ्या हिश्श्याहून जास्त डॉट किंवा वेस्टर्न ब्लॉटच्या कसोटीत नापास झाल्या. पास झालेल्यांतल्याही पाचव्या हिश्श्याहून जास्त चिपमध्ये चालल्या नाहीत. पण याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की पेप्टाइडवरचे यश पुढच्या प्रयोगाची हमी देत नाही. के४च्या मिथिलेशनच्या अँटिबॉडींवर २०१८ साली झालेल्या कामात हेच ठळकपणे पुढे आले: पेप्टाइडच्या पडद्यावरची वागणूक आणि खऱ्या न्यूक्लिओसोमवरची, म्हणजे डीएनए गुंडाळलेल्या हिस्टोनांच्या गाठोड्यावरची, वागणूक जुळतेच असे नाही.

माझा आग्रह वेगळ्या ठिकाणी आहे. अँटिबॉडी भलत्याला धरते का, हे आपण विचारतो. हव्या त्याला सोडते का, हे विचारत नाही. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अँटिबॉडीवर नाही, प्रयोगावर अवलंबून असते. या संयुगाने पेशी विभाजनात अडकवल्या नसत्या तर हीच अँटिबॉडी आयुष्यभर बरोबर उत्तरे देत राहिली असती. म्हणून पेप्टाइडची यादी माहितीपत्रकावरून न घेता आपल्या प्रयोगात कोणत्या शेजारी खुणा बदलू शकतात त्यावरून ठरवावी. पेशीचक्राला हात लावणारे काहीही वापरत असाल तर के९सोबत एस१०, के२७सोबत एस२८, के४सोबत टी३ (तिसरे थ्रिओनीन), या जोड्या यादीत हव्यातच. विभाजनात या तिन्ही शेजाऱ्यांवर फॉस्फेट चढते. आणि अँटिबॉडीला हात लावण्याआधी, फुकटात होणारी गोष्ट म्हणून, प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून गोल पेशी किती आहेत ते वहीत लिहून ठेवावे.

गटप्रमुखांचे यावर म्हणणे आहे की एवढ्या जोड्यांचे पेप्टाइड प्रत्येक प्रयोगासाठी कोण मागवत बसणार. शंका आली की थेट मास स्पेक करावे. त्यांच्या पुढच्या प्रकल्पात के२७मी३ आहे. पेप्टाइड मागवायचे की नमुना आमच्याकडे पाठवायचा, हे अजून ठरलेले नाही.